दोन मोटरी, एक पाइप : एनआरव्ही कुठे आणि कसा बसवायचा

घरात डाळ शिजेना, तेव्हा मला एनआरव्ही, म्हणजे पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, नीट समजला.

आमच्या खालच्या टाकीत नळाचं पाणी येतं, आवारात बोअर आहे आणि दोन्ही मोटरींचे पाइप एका टीमध्ये (तीन तोंडांच्या जोडात) जोडून एकच पाइप गच्चीवर जातो. पाणी मागे येऊ नये म्हणून मी टीच्या पुढे, मोठ्या पाइपावर एक एनआरव्ही टाकला. एकात काम भागतंय तर दुसऱ्याचे पैसे कशाला, हा हिशेब. त्यानंतर बोअरने वरची टाकी भरायला दुप्पट वेळ लागायला लागला. मेकॅनिक म्हणाला, पंप वर काढू. इकडे आईची तक्रार, प्यायच्या पाण्यात डाळ शिजत नाही. एका सकाळी बोअर चालू असताना खालच्या टाकीचं झाकण उघडलं, तर बंद मोटरच्या सक्शन पाइपातून (टाकीतून पाणी ओढणाऱ्या) पाणी उसळून आत येत होतं. बोअरचं जड पाणी टीवरून वळून, बंद पंपातून उलटं खाली उतरत होतं. पंप टाकीच्या पातळीखाली असल्याने फूटव्हॉल्व्हही (सक्शन पाइपाच्या तोंडाशी बसणारा एनआरव्ही) नव्हता. त्याला अडवणारं तिथे काहीच नव्हतं.

म्हणून दोन मोटरी असतील तर दोन एनआरव्ही, आणि दोन्ही टीच्या आधी, आपापल्या मोटरच्या बाजूला. यात काटकसर करायला सांगणाऱ्याचं ऐकू नका.

पुढची चूकही माझीच. जागा अडचणीची होती म्हणून झडपेचा एनआरव्ही आडव्या पाइपावर कुशीवर बसवला. आत बिजागरीवर टांगलेली एक चकती असते, बाकी काही नाही. पुढून दाब आला की ती उचलते, पाणी थांबलं की स्वतःच्या वजनाने आणि परतणाऱ्या पाण्याच्या रेट्याने मिटते. कुशीवर टाकलं की वजनाचा उपयोग जातो आणि ती अर्धवट लटकत राहते. आडव्या पाइपावर एनआरव्हीचं झाकण वर आभाळाकडेच हवं. उभ्या पाइपावर चालतो, पण पाणी वर चढत असेल तरच. जागा नसेल तर स्प्रिंगचा घ्या. तो कसाही बसतो, फक्त पाण्याला थोडा जास्त अडवतो. बाणाची दिशा मोटरकडून टाकीकडे.

वरचा पाइप टाकीत पाण्याच्या वर उघडत असेल तर झडप गळली तरी फक्त पाइपातलं पाणी परततं. एक इंची पाइपात मीटरला साधारण अर्धा लिटर, म्हणजे 12 मीटरला 6 लिटर. पण पाइप टाकीच्या तळाशी जोडलेला असेल तर अख्खी टाकी खाली येते. शिवाय पंप उलटा फिरतो, आणि त्याच वेळी कुणी बटण दाबलं तर शाफ्ट (पंप फिरवणारा दांडा) मोडू शकतो.

क्रम असा: मोटर, युनियन (खोलता येणारा जोड), एनआरव्ही, बॉल व्हॉल्व्ह (हाताने उघड-बंद करायचा). बॉल व्हॉल्व्ह वरच्या बाजूला असला की पुढे एनआरव्ही काढताना पाइपातलं पाणी अंगावर येत नाही. एनआरव्ही एल्बोला (पाइपाच्या कोपऱ्याच्या जोडाला) अगदी लागून बसवू नका, नाहीतर चकती खडखडत राहते. एनआरव्ही आट्याचा नसून चिकटवायचा असेल तर सोल्व्हंट (पाइप जोडायचा गोंद) बेताने लावा. जास्तीचा ओघळ आत जाऊन चकती कायमची चिकटते. आट्याच्या जोडाला टेफ्लॉन टेप. बसवण्याआधी पाइप एकदा धुऊन घ्या.

तपासणी: वरची टाकी भरा, मेन स्विच बंद करा, बॉल व्हॉल्व्ह उघडाच ठेवा आणि युनियन हळूच सैल करा. पंप खालच्या टाकीच्या पातळीखाली असेल तर आधी सक्शनची वाट बंद करा, नाहीतर त्या टाकीचंच पाणी येत राहील. थोडं पाणी येऊन थांबलं तर ठीक. धार चालूच राहिली तर बॉल व्हॉल्व्ह बंद करून एनआरव्ही उघडा. बहुतेक वेळा झडपेत वाळूचा खडा किंवा पाइप कापल्याचा कीस अडकलेला असतो.

घरात आणखी दोन जागा आहेत. प्रेशर पंपाच्या बायपासवर (पंपाला वळसा घालणाऱ्या पाइपावर) लागतोच, नाहीतर पंप तेच पाणी गोल फिरवत बसतो. साठवणीच्या गिझरला मात्र सुटा एनआरव्ही लावायची हुशारी करू नका. 15 लिटर पाणी 25 वरून 75 अंशांवर गेलं की 300 मिलीहून जास्त फुगतं, आणि मागची वाट बंद असेल तर त्याला जायला जागा उरत नाही. गिझरसोबत आलेला सेफ्टी व्हॉल्व्हच लावा आणि त्याच्या तोंडातून पाणी ठिबकतंय म्हणून ते बुजवू नका.