'मांडणी नीट करा' म्हणजे नक्की काय करू, मॅडम?

नव्याने शिकवायला लागलेल्या दोघीतिघींनी गेल्या महिन्यात एकच विचारलं, मेंटॉर म्हणून पोरं अंगावर टाकलीत, असाइनमेंटचा गठ्ठाही येऊन पडलाय, सुरुवात कुठून करू. प्रत्येकीला वेगळं सांगत बसण्यापेक्षा एकदाच लिहून टाकते. फॉर्मेटिव्ह-समेटिव्ह (शिकता शिकता आणि शेवटी केलेलं मूल्यमापन), रुब्रिक (कशाला किती मार्क याचा तक्ता), लर्निंग आउटकम (शिकून काय यायला हवं) हे सगळं तुम्हाला माहीत आहे असं धरून चालते, ते कुठल्याही ट्रेनिंगमध्ये घोटून घेतात. शेरे लिहिताना आणि पोरांना सल्ला देताना मी जिथे आपटले तेवढंच सांगते.

पहिल्या वर्षी माझ्याकडे ६० जणांचा वर्ग होता. एका असाइनमेंटला १२ मिनिटं धरली तरी एका फेरीला १२ तास, आणि टर्मला अशा तीन फेऱ्या. मी लाल पेनने मार्जिन भरून टाकायचे. शुद्धलेखन, संदर्भ नाही, व्याख्या अर्धवट, उदाहरण कुठाय, निष्कर्ष कुठाय, काही म्हणून सोडायचे नाही. आणि खोटं कशाला बोलू, मला त्याचा अभिमान होता, बाकीचे नुसती टिक मारून मार्क टाकतात आणि मी बघा रात्री जागून किती जीव ओततेय. तिसऱ्या फेरीनंतर एक मुलगी स्टाफरूमच्या दारात येऊन उभी राहिली. हातात तिन्ही असाइनमेंट. तिन्हींच्या खाली माझ्याच अक्षरात 'मांडणी नीट करा', आणि मार्क २० पैकी ११, ११, १२. ती म्हणाली, "मॅडम, दुसऱ्या वेळेस मी मार्जिन आखलं, हेडिंगं अधोरेखित केली. तिसऱ्या वेळेस टाइप करून आणलं. अजून नीट म्हणजे नक्की काय करू?"

तिच्या लेखी मांडणी म्हणजे पान सुबक दिसणं. मला म्हणायचं होतं की आधी तुझं म्हणणं एका वाक्यात सांग, मग त्याला आधार दे, एका परिच्छेदात एकच मुद्दा ठेव. पण हे मी तीन वेळात एकदाही लिहिलं नव्हतं. पोरीने माझा शेरा वाचला होता, मनावर घेतला होता, दोनदा जास्तीची मेहनत केली होती, आणि ती सगळी मेहनत चुकीच्या जागी गेली होती माझ्यामुळे. त्या दिवशी मी तिला काहीतरी थातुरमातुर सांगून पाठवलं हे अजून लागतं मनाला.

तर खड्डा हा आहे, आणि तो नीट समजून घ्या कारण मेहनती माणूसच यात पडतो, आळशी नाही पडत. आपल्याला वाटतं मी शेरा लिहिला म्हणजे फीडबॅक दिला. शेऱ्यातला शब्द आपल्याला कळतो कारण चांगलं उत्तर कसं असतं ते आपण शेकडो वेळा पाहिलेलं असतं. विद्यार्थ्याने ते पाहिलेलंच नसतं. मूल्यमापनाचे अभ्यासक रॉयस सॅडलर यांनी १९८९ च्या लेखात हे फार स्वच्छ मांडलंय: सुधारायला विद्यार्थ्याला तीन गोष्टी लागतात, अपेक्षित दर्जा काय हे कळणं, आपलं काम त्याच्या शेजारी ठेवून बघता येणं, आणि मधलं अंतर कमी करायला काहीतरी करणं. माझ्या 'मांडणी नीट करा' मध्ये तिन्हीपैकी एकही नव्हती. दर्जा सांगितला नव्हता, तुलना करायला काही दिलं नव्हतं आणि पुढे काय करायचं तेही नव्हतं. फक्त एक नाराजी होती, लाल शाईतली.

दूरशिक्षणवाल्यांना हे आपल्या आधी कळलं कारण तिथे विद्यार्थी आणि शिक्षक यांच्यामध्ये बऱ्याचदा तो कागदच असतो. इग्नू या मुक्त विद्यापीठाच्या संमंत्रकांच्या (म्हणजे तिथे शिकवणाऱ्या-तपासणाऱ्यांच्या) प्रशिक्षणात तर शेऱ्यांचे प्रकारच पाडलेले आहेत, घातक, पोकळ, दिशाभूल करणारे, वगैरे. पोकळ म्हणजे 'छान', 'बरं', 'अजून सुधारणा हवी' असले. मी माझा जुना गठ्ठा काढून त्या नजरेने बघितला तेव्हा अर्ध्याहून जास्त शेरे पोकळ निघाले आणि 'मांडणी नीट करा' तर पोकळ पण आणि दिशाभूल करणारा पण.

दुसरी गोष्ट, हीही त्याच खड्ड्यात मोडते. मी मार्क आणि शेरे एकत्र द्यायचे, आणि तेही युनिट संपल्यावर. पोरं पान उलटून आकडा बघायची, शेजाऱ्याचा आकडा बघायची, संपलं. टर्मच्या शेवटी कपाटात अशा ढीगभर असाइनमेंट पडलेल्या असायच्या ज्या कोणी न्यायलाही आलं नाही, आणि त्यातल्या प्रत्येकीत माझी १२ मिनिटं होती. रूथ बटलर यांचा १९८८ चा अभ्यास आहे, शाळकरी मुलांवरचा आहे म्हणून कॉलेजला जसाच्या तसा लावू नका, पण वाचून मला घाम फुटला. काहींना नुसते शेरे दिले, काहींना नुसते मार्क, काहींना दोन्ही. नुसते शेरे मिळालेली मुलं पुढे सरस ठरली, आणि दोन्ही मिळालेल्यांचं जवळपास नुसत्या मार्कवाल्यांसारखंच झालं. म्हणजे आकडा शेजारी आला की शेरा दिसतच नाही.

आणि 'फीडबॅक दिला की फायदाच होतो' हेही डोक्यातून काढा. क्लूगर आणि डेनिसी या संशोधकांनी १९९६ मध्ये १३१ पेपरमधले ६०७ निष्कर्ष एकत्र केले, सरासरीने फायदा दिसला खरा, पण एक तृतीयांशाहून जास्त ठिकाणी फीडबॅकनंतर काम आधीपेक्षा खालावलं होतं. लक्ष कामावरून उठून स्वतःवर गेलं, 'मी हुशार की ढ' याच्यावर गेलं, की बिघडतं, असं ते साधारण सांगतात. त्यामुळे 'तू हुशार आहेस पण आळशी आहेस' हे आपलं लाडकं वाक्य कृपा करून बंद करा. मीही म्हणायचे.

आता मी काय करते. एका असाइनमेंटवर जास्तीत जास्त तीन शेरे. शुद्धलेखनाच्या पहिल्या दोन चुकांना खूण, बाकीच्या तू शोध. तिन्ही शेरे क्रियापदाने संपले पाहिजेत, म्हणजे काहीतरी करता आलं पाहिजे. 'विश्लेषण कमी आहे' नाही, 'दुसऱ्या परिच्छेदात तू दोन कारणं सांगितलीस, त्यातलं जास्त महत्त्वाचं कोणतं आणि का ते दोन वाक्यात लिही' असं. याला वेळ लागतो, पण तीनच लिहायचे असतात म्हणून १२ मिनिटांच्या आतच होतं, उलट दोनेक मिनिटं वाचतात. शेरे आधी देते, मार्क दोन दिवसांनी. त्या दोन दिवसांत त्यांनी मला दोन ओळी लिहून द्यायच्या की पुढच्या वेळी काय बदलणार. आणि पुढच्या असाइनमेंटच्या वर 'मागच्या शेऱ्यावर मी काय केलं' हे लिहायचं, ते नसेल तर मी घेतच नाही, यावर पोरं कुरकुरतात, कुरकुरू दे. नियमाप्रमाणे मार्क लगेच टाकावे लागत असतील तर निदान एक फेरी मार्काशिवायची कच्च्या मसुद्यावर करा. मसुद्यावरचा एक शेरा शेवटच्या प्रतीवरच्या दहांना भारी पडतो, कारण तिथे अजून काही करता येतं.

सगळ्यात जास्त फरक मात्र नमुन्यांनी पडला. पहिल्याच आठवड्यात दोन जुनी उत्तरं नावं काढून वाटते, एक चांगलं, एक मध्यम, आणि रुब्रिक हातात देऊन त्यांनाच मार्क द्यायला लावते. पहिल्यांदा केलं तेव्हा अर्ध्या वर्गाने मध्यम उत्तराला जास्त मार्क दिले. का, तर लांब होतं आणि अक्षर सुरेख होतं. ती दारात उभी राहिलेली मुलगी मला तेव्हा परत आठवली.

शॉर्टकटबद्दल माझं मत विचारलं नाहीत तरी सांगते. फीडबॅक सँडविच, म्हणजे गोड-कडू-गोड, मला अजिबात पटत नाही, दोनदा खाल्लं की पोरांना कळतं की 'छान प्रयत्न' म्हणजे आता डोक्यात हाणणार. कौतुक करायचं तर नेमकं करा आणि खरं असेल तरच करा. तयार शेऱ्यांची यादी करून कॉपी-पेस्ट करणं वाईट नाही, मीही ठेवते, पण त्यात उत्तरातला एक तरी शब्द गुंफा नाहीतर दोघं मित्र शेजारी बसून शेरे ताडून बघतात आणि तुमची इज्जत जाते. एआयकडून शेरे लिहून घेणाऱ्यांना एवढंच, तो शेरा घेऊन पोरगं तुमच्याकडे आलं आणि म्हणालं हे समजवा, तर तुम्ही ते उत्तर वाचलेलं असेल का?

स्वतःसाठी मेंटॉर शोधत असाल तर जो स्वतः तपासलेले पेपर तुम्हाला दाखवतो तो पकडा. वर्कशॉपमध्ये तासभर बोलून जाणारे खूप भेटतात. मला एका सीनियरने पहिल्याच दिवशी सांगितलेलं, 'एवढं लिहू नकोस, कोणी वाचत नाही', आणि मी चिडून अजून जास्त लिहायला लागले. त्याचं निदान बरोबर होतं, औषध चुकीचं होतं.

आता पोरांना अभ्यासाचा सल्ला देण्याकडे, म्हणजे कौन्सेलिंगकडे येते. इथेही माझी चूक तीच होती फक्त तोंडी. एक मुलगा आला, म्हणाला अभ्यास करतो पण लक्षात राहत नाही. मी ऐकलं न ऐकलं आणि वेळापत्रक काढून दिलं, सकाळी दोन तास, रात्री तीन तास. मान हलवून गेला. पुढच्या परीक्षेत परत तेच. तिसऱ्या वेळेला मी काही सुचेना म्हणून म्हटलं, काल जे वाचलंस ते दाखव जरा. त्याने पुस्तक उघडलं तर पान अख्खं पिवळं. प्रत्येक ओळ हायलायटरने रंगवलेली, एक सोडली नव्हती. मी पुस्तक मिटलं आणि म्हटलं, आता यातलं काय आठवतं ते या कोऱ्या कागदावर लिही. पाच मिनिटं बसला, दीड ओळ लिहिली. तास कमी नव्हते पडत त्याचे, तो चार चार वेळा वाचायचा आणि ओळखीचं वाटलं की आलं असं समजायचा. रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांचा २००६ चा प्रयोग त्याला सांगितला: परत परत वाचणारे पाच मिनिटांनी पुढे होते, पण आठवड्याने वाचणाऱ्यांना ४२ टक्के आठवलं आणि एकदा वाचून मग स्वतःला आठवायला लावणाऱ्यांना ५६. आकडे ऐकून त्याच्या चेहऱ्यावर फार काही उमटलं नाही, पण ती दीड ओळ बघून उमटलं होतं. तेव्हापासून माझा पहिला प्रश्न 'किती तास करतोस' हा नसतोच. वही काढ, काल काय केलंस ते माझ्यासमोर करून दाखव. सल्ला त्यानंतर, आणि एकच, दोन आठवड्यांनी परत भेटायची तारीख वहीत लिहून. तारीख नसेल तर ते परत येत नाहीत आणि आपणही विसरतो, विसरतोच.

एक गोष्ट मात्र कडक शब्दात. आपण अभ्यासाचे सल्लागार आहोत, मानसोपचारतज्ज्ञ नाही. झोप उडाली आहे, खात नाही, 'आता काही अर्थ नाही' असं कोणी बोललं तर तिथे वेळापत्रक काढू नका, आणि 'कोणाला सांगणार नाही' असं वचनही देऊ नका. उठा, त्याला घेऊन स्वतः समुपदेशकाकडे जा, नंबर हातात देऊन पाठवू नका. जिवाचा धोका वाटला तर त्याला एकटं सोडू नका. बाकी पोरांनी आपल्याला जे सांगितलं ते स्टाफरूममध्ये चघळायचं नाही. मी एकदा कोणाच्या तरी घरची गोष्ट सहज बोलून गेले आणि ती फिरत फिरत त्याच्यापर्यंत पोचली, तो परत कधी माझ्या टेबलापाशी आला नाही, मीही त्याला गाठून माफी मागायला खूप उशीर केला.

आणि घाबरू नका एवढं. सगळ्यांना नाही सुधारता येत, ६० जणांत दहाएक जण तुमच्या शेऱ्यावर खरंच काहीतरी करतात, सुरुवातीला तर तेही नाही. माझ्या वर्गात अजूनही दोन ओळींच्या जागी 'पुढच्या वेळी चांगलं लिहीन' एवढंच लिहून देणारे आहेत, मी ते परत पाठवते, ते परत तेच लिहितात.

त्या मुलीचं काय झालं असं विचाराल म्हणून सांगते. थातुरमातुर सांगून पाठवलं त्याच्या आठवड्याभरात मी तिला परत बोलावलं, तिचीच तिसरी असाइनमेंट घेतली आणि कात्रीने परिच्छेद कापून टेबलावर पसरले. म्हटलं, आता लाव. वीस मिनिटं ती तुकडे हलवत होती, मधेच दोन तुकडे उचलून म्हणाली, "मॅडम, हे दोन एकच आहेत की." एक बाजूला काढून ठेवला. चौथी असाइनमेंट नव्हतीच त्या टर्मला, त्यामुळे मार्क काही सांगू शकत नाही. कात्री मात्र तेव्हापासून माझ्या ड्रॉवरमध्ये असते.