मराठी ॲपचा फॉर्म बनवताना या चुका टाळा

फॉर्म मराठीत असूनही लोक अर्ध्यात सोडून देतात, कारण बऱ्याचदा स्क्रीन इंग्रजीसाठी आखलेली असते आणि मराठी मजकूर तिच्यात अगदी शेवटी कोंबलेला असतो.

सर्वाधिक गोंधळ नावाच्या चौकटीत. आपल्याकडे कागदपत्रांवर आडनाव आधी लिहायची सवय. त्यामुळे 'पहिले नाव' म्हटलं की काहीजण आडनावच टाकतात. चौकटींवर सरळ 'आडनाव', 'तुमचं नाव', 'वडिलांचं किंवा पतीचं नाव' असं लिहा. शेवटची चौकट सक्तीची नको. मग येते अक्षरमर्यादा. 'क्षीरसागर' वाचताना अक्षरं पाच दिसतात, पण युनिकोडमध्ये (संगणकावर अक्षरं लिहायच्या प्रमाणपद्धतीत) काना, वेलांटी वेगळी मोजली जाऊन ती नऊ चिन्हं आणि यूटीएफ-८ मध्ये (ती चिन्हं साठवायच्या पद्धतीत) २७ बाइट, म्हणजे साठवणुकीची एककं, होतात. मर्यादा २० बाइटची असेल तर नाव 'क्षीरस'वर तुटतं. म्हणून मर्यादा बाइटमध्ये मोजूच नका. चिन्हांत मोजलीत तरी दिसणाऱ्या अक्षरांच्या चौपट जागा सोडा.

मोबाइल क्रमांक मराठी कीबोर्डवरून '९८…' असा टाकला की 'अवैध क्रमांक' येतं. चूक माणसाची नाही, फक्त इंग्रजी आकडे ओळखणाऱ्या तपासणीची आहे. चौकटीला अंकांचा कीपॅड जोडा आणि तरीही मराठी अंक आले तर आतल्या आत बदलून घ्या.

जन्मतारखेला कॅलेंडर देऊ नका. १९६२ गाठायला महिना-महिना मागे सरकत कोण बसेल? दिवस, महिना, वर्ष अशा तीन चौकटी पुरतात.

दिसण्याच्या बाबतीत दोन गोष्टी सांभाळा. अक्षरांमधलं अंतर वाढवलं की शिरोरेषा तुटते. ते शून्यच ठेवा. ओळीची उंची अक्षराच्या किमान दीडपट हवी, नाहीतर 'वृद्धांची'मधला अनुस्वार किंवा ऋकार कापला जातो. बटणाची उंची पक्की बांधलेली असेल तर हमखास.

मराठी एसएमएस ७० चिन्हांत बसवा (इंग्रजीला १६० मिळतात). लांबला तर त्याचे तुकडे होतात आणि पैसेही तितक्या पट लागतात. ओटीपी अगदी सुरुवातीला लिहा.

चाचणीत लोकांना 'आवडलं का?' विचारलंत तर सगळे 'हो' म्हणतील. त्याऐवजी 'आईच्या नावाने नोंदणी करा' असं काम द्या, गप्प बसा आणि बोट कुठे थबकतं ते टिपा. फोन त्यांचाच असू द्या, अक्षरांचा आकार त्यांनी ठेवलाय तोच. मोठ्या अक्षरांत 'पुढे जा' बटण स्क्रीनखाली गेलेलं तिथेच सापडतं.