ज्वारीच्या दाण्यातील जनुक कोणत्या प्रथिनामुळे चालू होते, ते कसे तपासावे

सोलापूर जिल्ह्यात मालदांडी ज्वारी हुरड्यावर येते, त्या सुमारास दाण्याच्या भ्रूणपोषात (अंकुरासाठी अन्न साठवणाऱ्या भागात) काफिरिन या साठवण प्रथिनांची जनुके जोमाने चालू असतात. पानातही डीएनए तोच असतो, पण तिथे ती बंद राहतात. हा फरक मुख्यतः ट्रान्स्क्रिप्शन फॅक्टर, म्हणजे डीएनएला चिकटून जनुक चालू किंवा बंद करणारी प्रथिने, घडवतात.

प्रथम जनुकाच्या सुरुवातीआधीचा सुमारे हजार अक्षरांचा (डीएनएतील ए, टी, जी, सी या घटकांचा) भाग, म्हणजे प्रोमोटर, मिळवावा. ज्वारीचा जनुकसंच २००९ मध्ये प्रसिद्ध झाला, मात्र तो बीटीएक्स ६२३ या वाणाचा आहे. म्हणून मालदांडीच्या कोवळ्या पानातून डीएनए काढून तो भाग पीसीआरने (डीएनएच्या असंख्य प्रती करणाऱ्या पद्धतीने) वाढवावा व त्याचा क्रम नव्याने वाचून घ्यावा. अल्फा काफिरिनच्या जवळजवळ सारख्या अनेक प्रती शेजारीशेजारी असल्याने प्रायमर, म्हणजे कोणता भाग वाढवायचा ते ठरवणारे डीएनएचे छोटे तुकडे, काळजीपूर्वक निवडावेत.

त्यानंतर प्रोमोटरमध्ये दोन खुणा, म्हणजे ही प्रथिने जिथे चिकटतात ते छोटे अक्षरक्रम, शोधाव्यात. टीजीटीएएएजी ही प्रोलामिन पेटी असून तिला डॉफ या प्रथिनकुळातील पीबीएफ हे ट्रान्स्क्रिप्शन फॅक्टर चिकटते. एसीजीटी हा ओपेक-२ या दुसऱ्या ट्रान्स्क्रिप्शन फॅक्टरच्या खुणेचा गाभा. बी-झिप कुळातील या प्रथिनाचे दोन रेणू जोडीने येऊन डीएनएच्या मोठ्या खाचेला चिमट्यासारखे धरतात. मक्यात ही दोन प्रथिने एकमेकांनाही जोडली जातात, त्यामुळे जवळजवळ असलेल्या खुणांना अधिक महत्त्व द्यावे. उलट धागाही वाचावा, कारण तिथे प्रोलामिन पेटी सीटीटीटीएसीए अशी दिसते. संगणकाने खूण दाखवली की काम झाले, असे अनेक विद्यार्थी मानतात. परंतु चार अक्षरांचा गाभा निव्वळ योगायोगाने सरासरी २५६ अक्षरांत एकदा सापडतोच.

म्हणूनच जेल-शिफ्ट चाचणी करावी. जिवाणूत तयार केलेले प्रथिन खुणेच्या चिन्हांकित (जेलवर दिसावा म्हणून रंगद्रव्य किंवा किरणोत्सर्गी अणू जोडलेल्या) डीएनए तुकड्यात मिसळून, प्रथिन न उलगडणाऱ्या पॉलिअॅक्रिलामाइड जेलवर थंडीत धावू द्यावे. प्रथिन चिकटले असल्यास डीएनएची पट्टी मागे राहते. जोडीला दोन पडताळण्या हव्यातच: बिनचिन्हांकित तोच तुकडा भरपूर घातल्यावर ती पट्टी फिकी पडली पाहिजे, आणि खुणेतील अक्षरे बदललेला तुकडा तसाच भरपूर घातला तरी ती टिकली पाहिजे. दुसरी पडताळणी बहुधा गाळली जाते आणि निष्कर्ष तिथेच लंगडा पडतो.

नळीतील हे चिकटणे दाण्यात प्रत्यक्ष घडते का, यासाठी हुरड्याचे दाणे शेतातच द्रव नायट्रोजनमध्ये न गोठवता आधी फॉर्मल्डिहाइडने स्थिर करावेत, किंवा गोठवलेली पूड नंतर स्थिर करण्याची पद्धत वापरून चिप चाचणी करावी; तीत डीएनएला जखडलेले प्रथिन प्रतिपिंडाने वेचून त्यासोबत कोणता डीएनए आला ते पाहतात. तुलनेला त्याच झाडाचे पान घ्यावे.