सोलापूरहून जुबेलला येताय आणि वेल्डिंग इन्स्पेक्टरची परीक्षा द्यायचीय? कॅल्क्युलेटर तिकडूनच घेऊन या

आपल्याकडची, म्हणजे सोलापूर, अक्कलकोट, बार्शी, पंढरपूरकडची जी पोरं इथं सौदीतल्या जुबेलला येतात त्यातले बरेचजण वेल्डर नाहीतर फिटर म्हणून येतात, साखर कारखान्याच्या ऑफ सीझनला किंवा चिंचोळी एमआयडीसीत हात चांगला बसलेला असतो, आणि इथं थोडं स्थिरावलं की मनात येतंच की आता सी-स्विप नाहीतर सीडब्ल्यूआय (वेल्डिंग इन्स्पेक्टरची सर्टिफिकेटं, पहिलं ब्रिटिश, दुसरं अमेरिकन) करून इन्स्पेक्शनला जावं. जा की, नक्की जा. रूमचं, मेसचं, इकाम्याचं (इथल्या रहिवासी परवान्याचं) इथं आल्यावर कोणीपण सांगेल, पण कॅल्क्युलेटरचं कोणी सांगत नाही आणि पोरं किराणा दुकानात असतो तसला मोठ्या बटणांचा कॅल्क्युलेटर घेऊन अभ्यासाला बसतात. तो घेऊ नका भावांनो, कारण सांगतो.

नवी पेठेत कुठल्यापण स्टेशनरीच्या दुकानात जा, कॅल्क्युलेटर हातात घ्या आणि सरळ दाबा: ०.१८ अधिक १.२ भागिले ६. उत्तर ०.३८ आलं तर घ्या, ०.२३ आलं तर परत ठेवा. हा आकडा मी उगाच नाही घेतला, कार्बन इक्विव्हॅलंटची, म्हणजे स्टील वेल्डिंगला कितपत अवघड ते सांगणाऱ्या आकड्याची, सुरुवात अशीच होते, कार्बन ०.१८ आणि मँगनीज १.२, मँगनीजला सहाने भागायचं असतं. दुकानातला साधा कॅल्क्युलेटर जसं दाबाल तसं करत जातो, आधी बेरीज करून टाकतो आणि मग सगळ्यालाच सहाने भागतो. सायंटिफिक असेल तर भागाकार आधी करतो, शाळेत शिकलो तसं. पुढं क्रोमियम, मॉलिब्डेनम, व्हॅनेडियम मिळून ०.२ असेल तर त्याला पाचाने भागायचं, निकेल आणि कॉपर मिळून ०.३ असेल तर पंधराने, म्हणजे ०.०४ आणि ०.०२, एकूण ०.४४. कंस असलेला कॅल्क्युलेटर असेल तर हे सगळं एका ओळीत टाकता येतं आणि वरच्या ओळीत आपण काय दाबलं ते दिसतं, चूक झाली तर मागं जाऊन तेवढीच दुरुस्त करायची. म्हणून दोन ओळींचा डिस्प्ले पाहिजेच.

मी पोरांना कॅसिओ एफएक्स-८२ एमएस सांगतो. इंजिनिअरिंग-डिप्लोमाच्या पोरांकडं असतो तोच, साधा, प्रोग्रॅम करता येत नाही म्हणून हॉलमध्ये वाद होण्याचं कारण कमी. एफएक्स-९९१ एमएस घेतला तर त्यात इंच-मिलिमीटरसारखी कन्व्हर्जन आत भरलेली असतात, ती सोय आहे, पण २५.४ तुम्हाला तोंडपाठ असायलाच पाहिजे की, इन्स्पेक्टर होणार तुम्ही. ग्राफ काढणारे, मजकूर साठवणारे, प्रोग्रॅमेबल असले महागातले घेऊच नका. मोबाईलचा तर विषयच सोडा.

आता हीट इनपुट, म्हणजे वेल्डच्या दर मिलिमीटरला किती उष्णता जाते ते. इथं सायंटिफिक कॅल्क्युलेटरपण वाचवत नाही, नीट बघा. २५ व्होल्ट, १८० ॲम्पिअर, ट्रॅव्हल स्पीड मिनिटाला १५० मिलिमीटर. व्होल्ट गुणिले ॲम्पिअर गुणिले ६०, आणि खाली स्पीड गुणिले १०००. घाईत पोरं सरळ भागिले १५० गुणिले १००० असं दाबतात आणि उत्तर येतं अठरा लाख! खालचं सगळं कंसात टाका, नाहीतर भागिले १५० भागिले १००० असं दोनदा भागा, १.८ किलोज्यूल पर मिलिमीटर येईल. ही झाली आर्क एनर्जी. सी-स्विपवाले थर्मल एफिशियन्सीचा फॅक्टर धरायला सांगतात, मॅन्युअल मेटल आर्कला ०.८, टिग वेल्डिंगला ०.६, सबमर्ज्ड आर्कला १, म्हणजे वरचीच वेल्डिंग मॅन्युअल असेल तर हीट इनपुट १.४४. ऑप्शनमध्ये १.८ आणि १.४४ दोन्ही दिलेले असू शकतात, प्रश्न काय विचारलाय ते वाचून मगच टिक करा.

सगळ्यात लपलेला धोका मोडचा. स्क्रीनवर बारीक डी, आर नाहीतर जी असं अक्षर असतं, म्हणजे कोन डिग्री, रेडियन की ग्रेडियनमध्ये धरलाय ते. २० मिलिमीटरची प्लेट, ६० अंशाचा सिंगल व्ही (एकाच बाजूनं व्ही आकारात कापलेला जॉइंट), रूट गॅप म्हणजे तळाची फट ३, रूट फेस म्हणजे तळाची न कापलेली उभी कड शून्य, वरची रुंदी काढायचीय: एका बाजूला निम्मा कोन, टॅन ३० म्हणजे ०.५७७, त्याला २० ने गुणून दोन्ही बाजू धरून २३.१, अधिक ३, झाले २६.१. आर वर असेल तर टॅन ३० चं उत्तर मायनसमध्ये येतं, लगेच कळतं. पण जी वर असेल तर ०.५०९ येतं, रुंदी २३.४ निघते, आणि ती अगदी खरी वाटते! म्हणून हॉलमध्ये बसल्यावर पहिलं काम टॅन ४५ दाबायचं, १ आलं की बरोबर. ८२ एमएसला मोड दोनदा आणि मग १ दाबलं की डिग्री येते. रूममध्ये चौघं एकच कॅल्क्युलेटर वापरत असाल तर हे हमखास बिघडतं, त्यामुळं प्रत्येकानं आपापला घ्या, हॉलमध्ये मागून घेता येत नाही.

सीडब्ल्यूआय देणाऱ्यांना इंचाचे अपूर्णांक सतावतात, ५/१६ अधिक १/८ असलं. अपूर्णांकाचं बटण वापरायची सवय आत्ताच लावा, ७/१६ येतं, तेच बटण परत दाबलं की ०.४३७५. टेन्साइलचा, म्हणजे ओढून तोडायच्या टेस्टचा, गोल नमुना ०.५०५ इंच व्यासाचा का असतो तेपण करून बघा, वर्ग करून पाय (π) भागिले चारने गुणलं की क्षेत्रफळ ०.२ येतं, म्हणजे लोडला पाचाने गुणलं की स्ट्रेंथ निघाली.

परीक्षा कॉम्प्युटरवर असेल आणि कॅल्क्युलेटर स्क्रीनवरच दिला असेल तर तिथंपण आधी तीच ०.३८ ची टेस्ट करा. साधा निघाला तर आधी कार्बन आणि मग एकेक भागाकार एम प्लसमध्ये टाकत जा आणि शेवटी एमआर दाबा, सुरुवातीला मेमरी रिकामी करायला विसरू नका. घरी दोन्ही पद्धतीनं सराव करा.

आणि परीक्षेचं पत्र आलं की त्यात कॅल्क्युलेटरबद्दल काय लिहिलंय ते पूर्ण वाचा, शंका असेल तर सेंटरला मेल टाका आणि उत्तराची प्रिंट पासपोर्टसोबत ठेवा. नवीन सेल आठवडाभर आधीच टाका.