परदेशात दोघं मिळून शिकताना घर कसं चालवायचं: जर्मनीला निघालेल्या जोडप्यांसाठी

परळला परत येऊन आम्हाला वर्ष होत आलं, तरी महिन्यातून एकदा कोणाच्या तरी भाचीचा नाहीतर मावसबहिणीच्या मैत्रिणीचा फोन येतोच, ताई आम्ही दोघंही जर्मनीला चाललोय शिकायला, सोबत काय काय न्यायचं? आधी मी लगेच यादी सांगायला लागायचे. आता यादी नंतर, आधी एकच विचारते, दोघंही शिकणार आहात ना, मग स्वयंपाक कोण करणार हे ठरलंय का? समोरून बहुतेक वेळा "बघू ना तिकडे गेल्यावर" असं येतं, आणि गेल्यावर काय होतं ते मला माहितीये, म्हणून हे सगळं एकदा नीट लिहून काढतेय. आम्ही ड्रेस्डेनला दोन वर्षं होतो, एका खोलीत, दोघांचं मास्टर्स एकाच वेळी.

मुंबईत असतानाच उरकायची कामं

एपीएस सर्टिफिकेट, म्हणजे आपल्या मार्कशीट आणि डिग्री खऱ्या आहेत हे तपासून दिलेला दाखला. नोव्हेंबर 2022 पासून भारतातून जाणाऱ्या विद्यार्थ्यांना ते लागतंच, आणि दोघं विद्यार्थी म्हणून जाणार असाल तर दोघांचं वेगळं काढायचं, वेळ लागतो त्यामुळे ॲडमिशनचं पत्र यायची वाट बघत बसू नका. ब्लॉक्ड अकाउंटचंही तसंच, म्हणजे व्हिसासाठी राहण्याच्या खर्चाचे पैसे आधीच भरून ठेवायचं खातं, माणशी वर्षाचे 11,904 युरो, म्हणजे दोघांचे 23,808, त्यातून दर महिन्याला प्रत्येकी 992 युरोच हातात येतात, आणि ही रक्कम बदलत असते म्हणून पैसे भरायच्या आधी चालू आकडा बघून घ्या. एकाचं शिक्षण आणि दुसरा जोडीदार म्हणून जाणार असेल तर जोडीदाराला साधारणपणे ए-वन, म्हणजे अगदी पहिल्या लेव्हलचं जर्मन दाखवावं लागतं, ते शिकायला काळा घोड्याला मॅक्स म्युलर भवन आहे. दोघं विद्यार्थी असाल तरी ए-वन कराच, इंग्लिशमधून कोर्स असला तरी घरमालक, डॉक्टर, पोस्टमन सगळे जर्मनच बोलतात. आणि भाषा दोघांनीही शिका. एकजण बोलणार आणि दुसरा मागे उभा राहणार असं सुरू झालं की ते दोन वर्षं तसंच चालतं.

मॅरेज सर्टिफिकेट वॉर्ड ऑफिसमधून काढून ठेवा आणि त्यावरची स्पेलिंग पासपोर्टशी एकेक अक्षर जुळवून बघा. लग्न नुकतंच झालं असेल आणि आडनाव बदलायचं चाललं असेल तर निघायच्या तोंडावर बदलू नका, मार्कशीट एका नावाची, पासपोर्ट दुसऱ्या नावाचा, युनिव्हर्सिटीचं पत्र तिसऱ्याच, असं झालं तर प्रत्येक काउंटरला समजावत बसावं लागतं. मी नाही बदललं. त्याचाही एक किस्सा आहे, पुढे सांगते.

सामानात कपडे कमी आणि स्वयंपाकघर जास्त ठेवा. सपाट बुडाचा स्टीलचा कुकर घ्या, दुकानात बुडाला चुंबक लावून बघा, चिकटला तर इंडक्शनवर चालेल, ॲल्युमिनियमचा साधा कुकर तिकडे इंडक्शनवर तापतच नाही. दोन जादा रिंगा आणि एक शिट्टी. पोळपाट-लाटणं न्याच. मिक्सर चालतो, व्होल्टेज आपल्यासारखंच आहे, फक्त तीन पिनचा प्लग बसत नाही म्हणून ॲडॅप्टर इथूनच घ्या. मालवणी मसाला आम्ही लालबागच्या मिरची गल्लीतून दळून नेला होता, दुहेरी पिशवीत बांधून, आणि गोडा मसाला सासूबाईंनी दिला. तूप, पेढे, खवा असलं काही भरू नका, युरोपियन युनियनमधे बाहेरून येणाऱ्या प्रवाशांना दूध आणि मांसाचे पदार्थ आणायची परवानगी नाही, कस्टमवाले काढून घेतात आणि आईने प्रेमाने दिलेला डबा कचऱ्यात जाताना बघवत नाही.

पहिले पंधरा दिवस

राहायला घेतलेल्या पत्त्याची नोंदणी दोन आठवड्यांत करायची असते, त्याला आन्मेल्डुंग म्हणतात, घरमालकाने सही केलेला कागद लागतो आणि त्यावर दोघांचीही नावं हवीत. बँक, विमा, राहण्याचा परवाना सगळं या नोंदणीवर अडतं, म्हणून अपॉइंटमेंट शक्य झालं तर इथूनच ऑनलाइन घ्या. जोडप्यांसाठीच्या खोल्या विद्यार्थ्यांच्या हॉस्टेलमधे असतात, पण थोड्या आणि रांग मोठी, ॲडमिशन आली त्याच दिवशी अर्ज टाका.

आता पत्रपेटी. हे कोणी सांगत नाही म्हणून सविस्तर सांगते. आपल्याकडे फ्लॅट नंबर असतो, पोस्टमन तो बघून पत्र टाकतो. जर्मनीत बहुतेक ठिकाणी फ्लॅट नंबर नसतोच, पोस्टमन पेटीवरचं आणि बेलवरचं आडनाव वाचतो, नाव नसेल तर पत्र परत. आम्ही गेलो तेव्हा करार नवऱ्याच्या नावावर, पेटीवर त्याचं आडनाव लावलेलं, आणि माझं वेगळं. महिनाभर त्याची सगळी पत्रं येत होती आणि माझं एकही नाही. मला वाटलं माझं काम सावकाश चाललंय. शेवटी ऑफिसमधे जाऊन विचारलं तेव्हा कळलं, परवान्याच्या अपॉइंटमेंटचं माझं पत्र "या पत्त्यावर अशी व्यक्ती राहत नाही" म्हणून परत गेलं होतं. नवीन तारीख दीड महिन्यानंतरची मिळाली आणि तोवर मी पार्ट-टाइम कामाचा करार करू शकले नाही. त्या संध्याकाळी नवऱ्याने वहीचं पान फाडून दोघांची आडनावं लिहिली, वरून सेलोटेप मारली, एक पट्टी पेटीवर आणि एक बेलवर. पहिल्या दिवशी चावी मिळाल्यावर बॅगा उघडायच्या आधी हे करा, दोन्ही आडनावं, दोन्ही ठिकाणी.

टीव्ही-रेडिओची एक फी असते, घरटी महिना 18 युरो 36 सेंट, टीव्ही असो नसो. ती घरामागे एकच, माणसामागे नाही, पण पत्रं दोघांना येतात, तर दुसऱ्याने आपण एकाच घरात राहतो आणि फी आधीच भरली जातेय असं कळवायचं, नाहीतर दोघांना बिल लागतं. विम्याचं म्हणाल तर, जोडीदार शिकत नसेल आणि कमवत नसेल तर सरकारी विम्यात तो जोडीदाराच्या विम्यावर फुकट येतो, हे विमावाल्यांना स्वतःहून विचारा. प्रवासाचं, बऱ्याच युनिव्हर्सिटीत तिकीट सेमिस्टरच्या फीमधेच येतं, न शिकणाऱ्या जोडीदाराला डॉइचलांड तिकीट, म्हणजे देशभरच्या लोकल गाड्या-बस-ट्रामचा महिन्याचा पास, घ्यावं लागतं, ते जानेवारी 2026 पासून महिना 63 युरो झालंय.

कामाचं वाटप, आणि ते लिहूनच काढायचं

हा खरा मुद्दा. आमच्या पहिल्या सेमिस्टरला नवऱ्याचे पाचही पेपर निघाले आणि माझे तीन, दोन मी पुढे ढकलले. भांडण वगैरे काही नव्हतं, तो वाईटही वागला नव्हता. मला पटकन जमतं म्हणून मी पोळ्या करायचे, मला माहिती म्हणून मीच सामान आणायचे, तो "मी काय करू सांग" म्हणायचा आणि सांगण्यापेक्षा करून टाकणं सोपं वाटायचं. रिझल्ट लागल्यावर आम्ही एक आठवडा वहीत फक्त मिनिटं लिहिली, कोणी काय केलं आणि किती वेळ लागला, त्यात काय बनवायचं याचा विचार करायला लागलेला वेळसुद्धा धरला. आठवड्याअखेर माझे साडेपंधरा तास भरले, त्याचे चार. तो बराच वेळ वही बघत बसला आणि मग म्हणाला, उद्यापासून पोळ्या मी करणार.

तर तुम्ही असं करा. पहिल्याच महिन्यात एक आठवडा मिनिटं लिहा. मग कामं वाटताना "मदत" या शब्दाने वाटू नका, अख्खं काम द्या. म्हणजे ज्याच्याकडे कपडे आहेत त्याने मशीनचा स्लॉट बुक करण्यापासून घड्या घालेपर्यंत सगळं बघायचं, दुसऱ्याने आठवणही करून द्यायची नाही. ज्याला एखादं काम येत नाही त्याला ते मुद्दाम द्या, पहिले तीन आठवडे त्रास होतो, नंतर दोन वर्षं सुख.

पोळ्यांचं सांगते, कारण नवऱ्याला शिकवताना मीच नव्याने शिकले. तिकडचं 405 नंबरचं पीठ म्हणजे आपला मैदा, त्याची पोळी गार झाली की चामड्यासारखी होते. इंडियन स्टोअरचं पीठ महाग पडतं म्हणून आम्ही 1050 नंबरचं आणि बारीक दळलेलं होलव्हीट, ज्यावर फोलकॉर्न लिहिलेलं असतं, ते निम्मं-निम्मं घ्यायचो, कोमट पाणी, चमचाभर तेल, आणि मळून झाल्यावर अर्धा तास झाकून ठेवायचं, हा अर्धा तास अजिबात गाळायचा नाही कारण त्या पिठातला कोंडा पाणी सावकाश पितो. काचेच्या शेगडीवर फुलका फुगत नाही, आच नसते ना. तव्यावरच फडक्याने कडा दाबत फिरवायची, वाफ आत धावते आणि पोळी टम्म होते. नवऱ्याच्या पहिल्या पोळ्या जाड झाल्या, आम्ही त्या आमटीत चुरून खाल्ल्या. महिन्याभराने व्हिडिओ कॉलवर माझ्या आईने त्याची फुगलेली पोळी बघितली आणि बाबांना हाक मारून दाखवली.

फोडणी देताना खिडकी आधी उघडा, प्रत्येक घरात धुराचा अलार्म असतो आणि लाल मिरची तेलात पडली की तो ओरडतो. तूप घरीच कढवा, बिनमिठाचं बटर 250 ग्रॅमच्या पाकिटात मिळतं, एका पाकिटात 200 ग्रॅमच्या आसपास तूप पडतं आणि ते इथल्यापेक्षा कमी नसतं. क्वार्क नावाचा पदार्थ दह्याच्या सेक्शनला मिळतो, तो म्हणजे जवळजवळ चक्काच, 40 टक्केवाला घ्यायचा, रात्रभर फडक्यात टांगायचा, पाडव्याला श्रीखंड होतं.

सामान शनिवारी आणा. रविवारी जवळजवळ सगळी दुकानं बंद असतात, स्टेशनवरची, पेट्रोल पंपावरची आणि काही बेकऱ्या सोडून. रविवारी आणि रात्री 10 ते सकाळी 6 आवाज करायचा नसतो, व्हॅक्यूम नाही, मिक्सरची चटणीसुद्धा शनिवारीच वाटून ठेवा. प्लॅस्टिकच्या बाटल्या आणि कॅन फेकू नका, बहुतेकांवर एकामागे 25 सेंट डिपॉझिट परत मिळतं, सुपरमार्केटमधे मशीन असतं.

एक खोली, एक टेबल

चाळीत वाढलेल्यांना वाटतं आम्हाला छोट्या खोलीची सवय आहे. पण चाळीत गॅलरी असते, खाली अंगण असतं, माणूस बाहेर जाऊन बसतो. तिकडे डिसेंबरात चार वाजता अंधार पडतो, बाहेर शून्याच्या खाली, आणि दोघं चोवीस तास एकमेकांसमोर. म्हणून टेबलाची वेळ ठरवा. आमचं सकाळी 8 ते 1 टेबल माझं, 2 ते 7 त्याचं, दुसऱ्याने त्या वेळात लायब्ररीत जायचं. ड्रेस्डेनच्या स्लुब लायब्ररीत जमिनीखाली मोठा वाचनकक्ष आहे, वरून काचेतून उजेड येतो, माझा अर्धा थीसिस तिथे झाला. घरी असताना ज्याच्या कानात हेडफोन आहेत तो घरी नाही असं समजायचं, भाजीत मीठ किती टाकू हेही विचारायचं नाही. आठवड्यातली एक संध्याकाळ प्रत्येकाची स्वतःची ठेवा, वेगळे मित्र हवेतच, दोघांचा सगळा भार एकमेकांवर पडला की माणूस चिडचिडा होतो.

घरच्या फोनचंही ठरवून घ्या. उन्हाळ्यात साडेतीन तासांचा फरक, हिवाळ्यात साडेचार, मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं बदलतात, ते दोन्हीकडच्या आयांना आधी सांगून ठेवा नाहीतर तासभर काळजीत बसतात. मुंबईत रात्री 9 ला जेवणं आटपतात तेव्हा आपली साडेपाच किंवा साडेचार झालेली असते, म्हणजे ऐन अभ्यासाची वेळ. आम्ही रविवारी दुपारी आपापल्या आईवडिलांना आपणच फोन करायचा असं ठेवलं. सासरी फोन करून ख्यालीखुशाली सांगायचं काम एकट्या सुनेकडे देऊ नका. त्याच्या आईला त्याचाच आवाज ऐकायचा असतो.

परीक्षा आणि थीसिस

हिवाळी सेमिस्टरच्या परीक्षा फेब्रुवारी-मार्चमधे, उन्हाळीच्या जुलै-ऑगस्टमधे, म्हणजे दोघांच्या एकदमच येतात. पंधरा दिवस आधी एक शनिवार फक्त फ्रीजरसाठी काढा, छोले, राजमा, वांग्याचं भरीत, अर्ध्या भाजलेल्या पोळ्या मधे कागद घालून. बटाटा घातलेली भाजी गोठवू नका, पाणी सुटतं.

विद्यार्थ्यांना वर्षाला 140 पूर्ण दिवस किंवा 280 अर्धे दिवस काम करता येतं, मार्च 2024 पासून हा नियम आहे. जोडीदार म्हणून फॅमिली परवान्यावर आलेल्याला ही मर्यादा नाही. दोघांनी एकाच वेळी दिवस संपवू नका, एकाची परीक्षा जड असेल त्या महिन्यात दुसऱ्याने जास्त काम घ्यायचं आणि पुढच्या सेमिस्टरला उलट करायचं. थीसिसच्या तारखा तर प्रोफेसरशी बोलायच्या आधी घरात ठरवा. दोन्ही एकदम नकोत. नवऱ्याने मार्चमधे दिला, मी ऑगस्टमधे. तो थीसिस लिहीत असताना मी कॅफेत आठवड्याचे दोन दिवस काम करून स्वयंपाक सांभाळला, आणि एप्रिलपासून ऑगस्टपर्यंत मी स्वयंपाकघरात फक्त पाणी प्यायला जात होते. शेवटच्या आठवड्यात लायब्ररीतून रात्री साडेदहाला यायचे तर टेबलावर ताट झाकून ठेवलेलं असायचं, वर चिठ्ठी, मायक्रोवेव्हमधे दीड मिनिट, पोळी वेगळी काढून.