आमवातात सांधे मोजताना : नव्या निवासी डॉक्टरांसाठी

इंदूरच्या ओपीडीत आमवाताचा, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसचा, रुग्ण समोर आला की नव्या निवासी डॉक्टरांना मी रक्ताचा रिपोर्ट बाजूला ठेवून आधी हात तपासायला सांगतो. ईएसआर (शरीरातील दाह दाखवणारी रक्ततपासणी) रक्तक्षयात आणि वयोमानानेही वाढतो. आजार किती पेटलेला आहे, हे सांधेच अधिक खात्रीने सांगतात.

डास-28 म्हणजे दुखरे व सुजलेले सांधे, ईएसआर आणि रुग्णाचे मत यांवरून आजाराची तीव्रता सांगणारा आकडा. त्यासाठीच्या 28 सांध्यांच्या मोजणीत दोन्ही खांदे, कोपरे, मनगटे, गुडघे, बोटांच्या मुळाचे 10 आणि मधले 10 सांधे येतात. अंगठ्याला दोनच सांधे असल्यामुळे त्याचा वरचा सांधा मधल्यांत धरतात. बोटांच्या टोकाकडचे सांधे मोजायचे नाहीत. तिथल्या कडक गाठी बहुधा झिजेच्या असतात. दाब आपल्या अंगठ्याचे नख पांढुरके पडेल इतकाच द्यावा आणि नजर रुग्णाच्या चेहऱ्यावर ठेवावी. राजवाड्याकडून येणाऱ्या एक आजी दर वेळी ‘आता बरं आहे हो’ म्हणत. मात्र मधल्या बोटाच्या मुळाशी दाबले की त्यांच्या भुवया आक्रसत आणि तिथली सूज, हाडासारखी टणक नव्हे तर मऊ, माझ्या एका अंगठ्याखालून दुसऱ्याखाली सरकत असे.

दुखरे आणि सुजलेले सांधे वेगवेगळे लिहावेत, हा माझा आग्रह आहे. 12 सांधे दुखरे आणि सुजलेला एकही नाही, अशा वेळी डास-28 चा आकडा फुगतो. पण त्यामागे फायब्रोमायल्जिया (सांध्यांना सूज नसताना अंगभर दुखण्याचा आजार) किंवा जुनी झीजही असू शकते, म्हणून मेथोट्रेक्सेट हे आमवाताचे औषध वाढवण्यापूर्वी थांबून विचार करावा.

आजार किती त्रास देतो याबद्दल रुग्णाचे स्वतःचे मत 100 मिलिमीटरच्या रेघेवर घेतात. ती खूण रुग्णानेच करावी, सोबत आलेल्या सुनेने किंवा मुलाने नव्हे. डास-28 हा 2.6 पेक्षा कमी असेल तर आजार शमलेला, 3.2 पर्यंत सौम्य, 5.1 पर्यंत मध्यम आणि त्यापुढे तीव्र समजतात. त्याच दिवशी ईएसआरचा रिपोर्ट मिळणार नसेल तर सीडीएआय हा आजाराची तीव्रता मोजणारा दुसरा आकडा वापरावा. त्याला रक्ततपासणी लागत नाही आणि बेरीज तिथल्या तिथे होते.

घोटे आणि पावले या 28 सांध्यांत नाहीत, तरीही मोजे काढायला लावून ती पाहावीत. आजार सक्रिय असेपर्यंत दर एक ते तीन महिन्यांनी मोजणी करावी आणि शक्यतो त्याच डॉक्टरने करावी, कारण दोघांच्या अंगठ्यांचा दाब सारखा नसतो.