इन्स्टॉलेशन नेमके कुठे अडले?

कोथरूडच्या आमच्या सोसायटीत कोणाच्या घरी एखादे सॉफ्टवेअर इन्स्टॉल होईनासे झाले की मला बोलावणे येते आणि गेल्यागेल्या माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: पडद्यावर काय लिहून आले होते? उत्तरही बहुधा ठरलेलेच असते. "काहीतरी इंग्रजीत आलं होतं, मी ओके केलं." त्या एका ओकेबरोबर निम्मे निदान पुसले जाते. मग तीच सेटअप फाइल पुन्हा चालवायची, पुन्हा तीच पट्टी सरकताना पाहायची आणि संदेश उमटेपर्यंत चहा घ्यायचा, एवढेच हातात उरते.

तेव्हा संदेश दिसताच बटण दाबण्याआधी मोबाइलने त्याचा फोटो काढावा. त्यात आकडा असेल तर तो सर्वांत महत्त्वाचा. विंडोजच्या पुष्कळ संदेशांत ०एक्स८००७ने (पडद्यावर 0x8007) सुरू होणारा लांबलचक क्रमांक असतो. त्याच्या अखेरीस ००७० असेल तर डिस्कवर जागा उरलेली नाही आणि ०००५ असेल तर परवानगी नाकारली गेली आहे. १६१८ हा आकडा आला तर दुसरे एखादे इन्स्टॉलेशन आधीपासून चालू आहे, कारण विंडोज इन्स्टॉलर एका वेळी एकच काम हाती घेतो. अशा वेळी थोडे थांबावे, नाहीतर संगणक रीस्टार्ट करावा.

इथे मी रीस्टार्ट हा शब्द मुद्दाम वापरला आहे. "रात्री बंद करून सकाळी चालू केला" हे पुरेसे नसते. विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअप ही सोय चालू असेल तर शटडाउन करताना प्रणालीचा गाभा डिस्कवर जपून ठेवला जातो आणि सकाळी तोच परत उचलला जातो, त्यामुळे आदल्या दिवशीचा गुंता जसाच्या तसा राहू शकतो. रीस्टार्ट केल्यावर मात्र सगळे पहिल्यापासून सुरू होते आणि आधीच्या अपडेटने "पुढच्या सुरुवातीला करू" म्हणून मागे ठेवलेली कामेही उरकतात.

एवढे करूनही अडचण कायम राहिली तर पट्टी कुठे थांबते, इकडे लक्ष द्यावे. सुरुवातीलाच, मध्येच की अगदी शेवटी, यावर कारण कुठे शोधायचे ते ठरते.

सुरूच होत नसेल तर

डाउनलोड केलेली फाइल झिप स्वरूपातली असते, तिच्यावर दोनदा क्लिक केले की ती एखाद्या फोल्डरसारखी उघडते आणि आतली सेटअप फाइल दिसताच माणूस तीच चालवतो. अशा वेळी विंडोज तेवढी एकच फाइल तात्पुरत्या जागी काढून चालवते, तिच्या सोबतच्या फाइली आतच राहतात आणि सेटअप "अमुक फाइल सापडत नाही" अशी तक्रार करते. झिपवर राइट क्लिक करून आधी सर्व फाइली बाहेर काढाव्यात आणि त्या नव्या फोल्डरातून सेटअप चालवावी. मी पाहिलेल्या तक्रारींपैकी बऱ्याच या एका कृतीने मिटल्या आहेत.

डाउनलोड अर्धवट राहिलेले असणे हे दुसरे कारण. फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये तिचा आकार दिसतो, तो संकेतस्थळावर दिलेल्या आकाराशी ताडून पाहावा. निर्मात्याने शा-२५६ ही ६४ अक्षरांची ओळखखूण दिली असेल तर विंडोजमधल्या सर्टयुटिल या आज्ञेने आपल्या फाइलची खूण काढून दोन्ही जुळवाव्यात. एक अक्षर जरी वेगळे निघाले तरी ती फाइल टाकून द्यावी. कोणाच्या पेनड्राइव्हवरून आणलेल्या सेटअपबाबत आणखी एक पेच असतो: पेनड्राइव्ह फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल तर त्यावर ४ जीबी किंवा त्याहून मोठी एकसंध फाइल मावतच नाही, मग पेनड्राइव्ह ६४ जीबीचा का असेना.

संगणक ३२ बिटचा आहे की ६४ बिटचा, हे सेटिंग्जमध्ये सिस्टीम आणि त्याखाली अबाउट येथे लिहिलेले असते. ६४ बिटचा प्रोग्रॅम ३२ बिट विंडोजवर चालत नाही. तिथेच विंडोज एस मोडमध्ये असल्याचे दिसले तर मायक्रोसॉफ्ट स्टोअरबाहेरचे काहीही इन्स्टॉल होणार नाही. हा मोड विनामूल्य बंद करता येतो, पण मग परत चालू करता येत नाही. विंडोज १०चे नियमित पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले, त्यामुळे नव्या आवृत्त्या डाउनलोड करण्याआधी त्या कोणत्या विंडोजसाठी आहेत हे वाचून घेण्याची सवय आता लावून घ्यावी.

घड्याळाकडे तर कोणाचेच लक्ष जात नाही. आपल्याकडे रात्री भिंतीवरच्या बोर्डाचे बटण बंद करण्याची शिस्त घराघरांत आहे आणि ती चांगलीच आहे. पण डेस्कटॉपचा वीजपुरवठा असा पूर्ण तुटला की आतले घड्याळ मदरबोर्डवरच्या नाण्याएवढ्या सेलवर चालते. काही वर्षांनी तो सेल संपतो आणि संगणक एखाद्या जुन्या तारखेवर जागा होतो. मग सुरक्षित संकेतस्थळांची प्रमाणपत्रे त्याला अवैध वाटू लागतात आणि इंटरनेटवरून पुढचे भाग ओढून घेणारे इन्स्टॉलर पहिल्याच पायरीवर थांबतात. तारीख दुरुस्त केली की काम होते, पण दुसऱ्या दिवशी तारीख पुन्हा मागे गेली तर सेल बदलावा. तो बहुधा सीआर २०३२ असतो, म्हणजे २० मिलिमीटर व्यासाचा आणि ३.२ मिलिमीटर जाडीचा. बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत तो सहज मिळेल. जुना सेल सोबत न्यावा म्हणजे क्रमांकात चूक होत नाही.

मध्येच थांबत असेल तर

पट्टी निम्म्यावर येऊन अडली की आधी सी ड्राइव्हवरची जागा पाहावी. "मी तर डी ड्राइव्ह निवडला होता" हे म्हणणे बरोबर असते, तरीही सेटअप आपले गाठोडे सोडते ते बहुतेक वेळा सी ड्राइव्हवरच्या टेम्प या तात्पुरत्या फाइलींच्या फोल्डरात, आणि प्रोग्रॅमचे काही सामाईक भागही सी वरच जातात. डाउनलोड केलेली फाइल, तिच्यातून सुटलेल्या फाइली आणि प्रत्यक्ष प्रोग्रॅम अशा तिन्हींना एकाच वेळी जागा लागते, हा हिशेब धरावा. सेटिंग्जमधल्या स्टोरेज विभागात तात्पुरत्या फाइली काढून टाकण्याची सोय आहे. मात्र त्या यादीत डाउनलोड्स फोल्डरही असतो, तेव्हा त्यापुढची खूण डोळे उघडे ठेवून करावी.

टेम्प फोल्डरवरून आमच्या इमारतीतल्या एका निवृत्त काकांचा किस्सा सांगायला हवा, कारण तो मराठी घरांतच घडू शकतो. त्यांच्या नातीने मोठ्या हौसेने विंडोजवर त्यांचे खाते "आजोबा" या देवनागरी नावाने उघडून दिले होते. नवे प्रोग्रॅम त्या खात्यात व्यवस्थित चालत. जुन्या स्कॅनरचे सॉफ्टवेअर मात्र दर वेळी एकाच टप्प्यावर "मार्ग अवैध आहे" अशा अर्थाचा संदेश देऊन बंद पडे. काकांनी ते सात वेळा करून पाहिले होते आणि प्रत्येक वेळची तारीख वहीत टिपून ठेवली होती. संदेशातला मार्ग मी नीट वाचला तेव्हा खात्याच्या फोल्डरचे नाव जिथे असायला हवे तिथे ओळीने प्रश्नचिन्हे होती. युनिकोडची, म्हणजे सर्व लिप्यांसाठीच्या सामाईक अक्षरसंकेताची, सवय नसलेल्या त्या इन्स्टॉलरला "आजोबा" हे अक्षरशः वाचता येत नव्हते.

"मग नाव बदलू या की," काका म्हणाले. पण सेटिंग्जमध्ये खात्याचे नाव बदलले तरी डिस्कवरच्या फोल्डरचे नाव तेच राहते. इथे दोन उपाय आहेत. एक, रोमन अक्षरांतल्या नावाने अॅडमिनिस्ट्रेटर अधिकाराचे नवे खाते उघडून तिथून इन्स्टॉल करावे. दुसरा, सी ड्राइव्हवर टेम्प नावाचे साधे फोल्डर तयार करून एन्व्हायर्न्मेंट व्हेरिएबल्स या विंडोजच्या सेटिंगमध्ये टेम्प आणि टीएमपी या दोन्हींपुढे त्याचा पत्ता द्यावा. आम्ही पहिला मार्ग घेतला आणि दहा मिनिटांत स्कॅनर सुरू झाला. आजोबांचे खाते अजूनही "आजोबा"च आहे.

याच जातीची आणखी एक अडचण म्हणजे मार्गाची लांबी. फोल्डरात फोल्डर आणि त्यात आणखी फोल्डर अशी रचना झाली आणि पूर्ण पत्ता २६० अक्षरांच्या मर्यादेपलीकडे गेला की अनेक जुने इन्स्टॉलर गडबडतात. सेटअपचे फोल्डर थेट सी ड्राइव्हवर, आखूड नावाने ठेवावे.

"अँटीव्हायरस बंद करा आणि पुन्हा चालवा" हा सल्ला सर्रास दिला जातो. मला तो पटत नाही. विंडोज सिक्युरिटीमध्ये प्रोटेक्शन हिस्टरी नावाचे पान आहे, तिथे कोणती फाइल कधी आणि का अडवली याची नोंद असते. आधी ते पाहावे. तिथे नोंदच नसेल तर विंडोजच्या अँटीव्हायरसचा यात हात असण्याची शक्यता कमी आहे, आणि वेगळा अँटीव्हायरस घेतला असेल तर त्याचीही अशीच यादी असते. नोंद असेल आणि फाइल निर्मात्याच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून आणलेली असेल तर तेवढ्या फाइलपुरती परवानगी देता येते. फाइल कुठून आली हेच सांगता येत नसेल तर अँटीव्हायरसने आपले काम केले, असे समजून ती काढून टाकावी. परवानगी मागणाऱ्या चौकटीत निर्मात्याचे नाव येते की तो अज्ञात असल्याचे लिहिलेले असते, हेही त्या वेळी वाचावे.

एकच फाइल दर वेळी वेगवेगळ्या जागी "खराब आहे" म्हणून अडत असेल तर मात्र दोष सॉफ्टवेअरचा नसून रॅमचा किंवा डिस्कचा असण्याचा संशय घ्यावा. विंडोजमध्ये मेमरी डायग्नोस्टिक ही तपासणी उपलब्ध आहे.

शेवटपर्यंत जाऊन मागे फिरत असेल तर

पट्टी भरत येते, मग उलटी सरकू लागते आणि सगळे पूर्ववत झाल्याचे सांगून इन्स्टॉलर निरोप घेतो. इथे बहुतेक वेळा १६०३ हा आकडा भेटतो. त्याचा अर्थ फक्त "काहीतरी गंभीर बिघडले" एवढाच आहे, त्यामुळे इंटरनेटवर हा आकडा शोधून मिळालेले वीस उपाय ओळीने करत बसण्यात अर्थ नाही. खरे कारण इन्स्टॉलरच्या नोंदींमध्ये, म्हणजे लॉगमध्ये, असते.

सेटअप फाइल एमएसआय प्रकारची, म्हणजे नावाच्या शेवटी .msi असलेली, असेल तर कमांड प्रॉम्प्ट अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून एमएसआयएक्झेक ही आज्ञा द्यावी: तिच्यापुढे तिरकी रेघ आणि आय, मग फाइलचे नाव, मग तिरकी रेघ, एल, चांदणी, व्ही आणि अखेरीस नोंदींच्या फाइलचे नाव, अर्थात सगळे रोमन अक्षरांत. इन्स्टॉलेशन पुन्हा फसेल, पण या वेळी ते का फसले हे लिहून ठेवेल. ती फाइल नोटपॅडमध्ये हजारो ओळींची दिसते, घाबरू नये. शोधा या सोयीने "रिटर्न व्हॅल्यू ३" हे शब्द शोधावेत, वरून पहिल्यांदा जिथे सापडतील तिथे थांबावे आणि त्याच्या वरच्या दहा-वीस ओळी वाचाव्यात. खालच्या ओळींत नुसती आवराआवर असते. एमएसआय नसलेले अनेक इन्स्टॉलर आपली नोंद टेम्प फोल्डरात ठेवतात, तिथे तारखेनुसार क्रम लावला की ताजी फाइल वर येते.

या नोंदींतून निघणारी कारणे थोडीच असतात. एखाद्या फोल्डरवर सिस्टीम या अंतर्गत खात्याला पूर्ण अधिकार नसतात, जुन्या आवृत्तीचे अवशेष शिल्लक असतात, नाहीतर आधी लागणारा एखादा भागच संगणकावर नसतो. डॉटनेट हा मायक्रोसॉफ्टचा असाच एक आधारभाग; त्याची ३.५ आवृत्ती मागणाऱ्या जुन्या प्रोग्रॅमला ४.८ चालत नाही. ३.५ वेगळे चालू करावे लागते. इन्स्टॉलेशन यशस्वी होऊनही प्रोग्रॅम उघडताना "व्हीसीरनटाइम१४० सापडत नाही" असे आले तर मायक्रोसॉफ्टचे व्हिज्युअल सी प्लसप्लस पॅकेज टाकावे, आणि ३२ बिट प्रोग्रॅमसाठी त्याची ३२ बिट आवृत्ती, विंडोज ६४ बिट असले तरीही. ती हरवलेली एक डीएलएल फाइल (प्रोग्रॅमला लागणारी जोडफाइल) कुठल्यातरी संकेतस्थळावरून उतरवून घेणे म्हणजे दाराची किल्ली परक्याकडून करून घेणे. विंडोजच्याच फाइली बिघडल्याचा संशय आला तर कमांड प्रॉम्प्टमध्ये आधी डीआयएसएम या विंडोजच्या साधनाची दुरुस्तीची आज्ञा आणि त्यानंतर फाइली तपासणारी एसएफसी स्कॅननाऊ ही आज्ञा, हा क्रम पाळावा.

पुण्यात घरून डीटीपीचे काम करणारे पुष्कळ आहेत, म्हणून जुन्या मराठी सॉफ्टवेअरबद्दल दोन शब्द. त्यांपैकी काहींना यूएसबीत लावायचे हार्डवेअर लॉक, म्हणजे ते लावल्याशिवाय प्रोग्रॅम न चालू देणारे छोटे उपकरण, असते आणि त्या लॉकचा ड्रायव्हर (विंडोजला ते ओळखू देणारा प्रोग्रॅम) जुना, निर्मात्याची डिजिटल स्वाक्षरी नसलेला असेल तर ६४ बिट विंडोज तो स्वीकारत नाही. सेटअप पूर्ण होते, प्रोग्रॅम लॉक सापडत नसल्याचे सांगतो आणि बिचाऱ्या लॉकवर आळ येतो. लॉक बनवणाऱ्या कंपनीचा नवा ड्रायव्हर आधी टाकावा, लॉक नंतर लावावे.

यातले काहीच लागू पडले नाही तर संगणक दुकानात न्यावा लागेल आणि तिथे "फॉरमॅट मारू या" हे वाक्य ऐकायला मिळेल. त्याआधी संदेशाचा फोटो आणि नोंदींची फाइल दुकानदारापुढे ठेवून ती पाहण्याची विनंती करावी. फॉरमॅट करायचेच ठरले तर कागदपत्रांबरोबर फाँट्सचे फोल्डरही दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्यावे, कारण युनिकोडपूर्व मराठी फाँटमध्ये टाइप केलेली वीस वर्षांची पत्रे तो फाँट गेला की इंग्रजी अक्षरांच्या भेंडोळ्यासारखी दिसू लागतात.